'शॉन द शीप'चा सिनेमा, शेतकऱ्याचं विसरणं आणि आमचे बाबा

रावपुरेकरीण

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय लहान मुलांच्या सिनेमाचा आहे, पण लिहायचं कारण वेगळं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात बडोद्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला. विश्वामित्रीचं पाणी चढलं, शाळांना सुट्टी मिळाली. बाहेरगावच्यांना माहीत नसेल, आमच्या नदीला पूर आला की पाण्याबरोबर मगरीही वस्तीत येतात, त्यामुळे लेकीला खाली खेळायला सोडायचा प्रश्नच नव्हता. ती आठ वर्षांची आहे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, टीव्ही हिंदी. मराठी घरात बोलते, पण मधेच "आजोबा, तुम्ही इथे बेसा ना" असं येतं.

आजोबा म्हणजे माझे सासरे. वय ७८. दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, नाटकांची हस्तपत्रकं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. चार वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ल्या; मग रस्ते; आता माणसं. मला कधी ताई म्हणतात, कधी माझ्या सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. ऐकूही कमी येतं. टीव्हीसमोर बसले की "काय म्हणाला तो?" असं विचारत राहतात. आम्ही सांगेपर्यंत पुढचं वाक्य झालेलं असतं. मग ते उठून आत निघून जातात. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे टीव्ही लावला की बाबा आत जातात, हे ठरूनच गेलं होतं.

नणंदेने इंग्लंडहून 'शॉन द शीप'च्या सिनेमाची डीव्हीडी आणली होती. पहिला सिनेमा, २०१५ चा. ती लावली. गोष्ट अशी: शॉन ही एका शेतावरची हुशार मेंढी, म्हणजे मेंढा. रोज उठायचं, रांगेत चालायचं, चरायचं, गोठ्यात परतायचं, याचा त्याला कंटाळा येतो. एक दिवस सुट्टी हवी म्हणून सगळ्या मेंढ्या मालकासमोर कुंपणावरून एकेक उडी मारत राहतात. मालक मोजत बसतो आणि मोजता मोजता झोपी जातो. त्याला एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये झोपवतात. ती गाडी उतारावरून घरंगळते आणि थेट शहरात पोचते. मालकाच्या डोक्याला मार लागतो आणि तो सगळं विसरतो. स्वतःचं नाव, शेत, मेंढ्या, कुत्रा. मग मेंढ्या बसमध्ये बसून त्याला शोधायला शहरात जातात.

पूर्ण ८५ मिनिटांत एकही शब्द नाही. मेंढ्या बेंबटतात हे झालंच, पण माणसंही नुसतं हं, हूं, अर्रर्र असं पुटपुटतात. कुणाचंच बोलणं कुणाला कळत नाही. त्यामुळे बाबांना "काय म्हणाला?" असं विचारावंच लागलं नाही. कुंपणाच्या उड्या चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले. हसले. मग लेकीने त्यांना हाताला धरून बसवलं.

पुढे तो मालक हॉस्पिटलातून बाहेर पडून भटकत एका केशकर्तनालयात शिरतो. तिथलं केस कापायचं मशीन त्याच्या हातात येतं. त्याला काही आठवत नाही, पण हात चालायला लागतात. समोर बसलेल्या मोठ्या प्रसिद्ध माणसाचे केस तो मेंढीची लोकर भादरावी तसे भादरून टाकतो आणि शहरभर त्याचीच फॅशन होते. सगळे हसतात असा प्रसंग आहे. लेक हसत होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात पोटाशी आडवा धरलेला, अंगठा आतल्या बाजूला दाबलेला. उजव्या हाताची बोटं हवेतून काहीतरी उचलत होती आणि डाव्या हाताशी आणून ठेवत होती. उचल, ठेव. उचल, ठेव. मला आधी कळलं नाही. मग कळलं की डाव्या हातात कंपोझिंगची स्टिक आहे, खिळे ओळीत रचत जायची ती पट्टी.

त्यानंतर शॉन त्याला शोधत दुकानात येतो. मोठ्या आशेने पुढे होतो आणि मालक त्याला ओळखत नाही. हाकलतो. लेक रडायला लागली. "तो शॉनला ओळखत का नाही?" माझ्याकडे पाहून विचारत होती. उत्तर बाबांनी दिलं. म्हणाले, "ओळखतो गं. नाव सापडत नाही."

चार दिवस झाले, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तुमच्यापैकी कुणी हा सिनेमा पाहिला आहे का? घरात असं माणूस असलेल्यांनी अजून काय काय एकत्र बसून पाहिलं? शब्द नसलेलं, पण पोरकट नसलेलं काही असेल तर नक्की सुचवा.

सूरसागर

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या मुंजीची पत्रिका दांडिया बाजारातच छापली होती. कुणी सांगावं, त्यांच्याच हातची असेल.

सिनेमा मी नातवंडांबरोबर पाहिला आहे, मालिका त्याच्या आधीपासून. हा शॉन मुळात मालिकेतलाही नाही. १९९५ साली निक पार्क यांनी 'अ क्लोज शेव्ह' नावाचा लघुपट केला, त्यात हा लहानसा मेंढा पहिल्यांदा दिसला. त्याची लोकर यंत्रात भादरली जाते. इंग्रजीत भादरलेल्याला 'शॉर्न' म्हणतात, त्यावरून शॉन. त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. मग २००७ साली बीबीसीवर त्याची स्वतःची मालिका सुरू झाली, सात-सात मिनिटांच्या भागांची. सिनेमा आला तो २०१५ मध्ये. सगळं ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचं काम.

तुम्ही शब्द नसलेलं विचारता. १९८७ चा 'पुष्पक' बाबांना दाखवा. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा, कमल हासन आहे. एक संवाद नाही. काही प्रसंग गंभीर आहेत, लेकीला लगेच नको, पण बाबांना दाखवा.

आमच्या वेळी दूरदर्शनवर चिमणी आणि जाळ्याची गोष्ट लागायची, 'एक अनेक और एकता'. १९७४ ची. विजया मुळे यांचं दिग्दर्शन. त्यात बोलणं आहे, गाणं आहे, पण ते सगळ्यांना पाठ असल्यामुळे ऐकू न येणाऱ्यालाही चालतं. माझी आई शेवटच्या वर्षात काही ओळखत नव्हती, पण ते गाणं लागलं की बोटं उडवायची.

खंडेराव_मार्केट

बडोद्यात ही डीव्हीडी कुठे मिळेल?

रावपुरेकरीण

@खंडेराव_मार्केट, इथे नाही हो मिळाली. तुम्ही जवळच असाल तर माझ्याकडून घेऊन जा.

@सूरसागर काका, 'पुष्पक' या रविवारी लावते. आणि मुंजीची पत्रिका जपून ठेवली असेल तर फोटो पाठवाल का? बाबांना दाखवायचा आहे.

पंगत

रावपुरेकरीण, तुमचा अनुभव वाचून गलबलून आलं. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. सिनेमाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, तेही मनापासून मांडतो.

मी मालिकेचा भक्त आहे. सात मिनिटांत एक वस्तू शेतावर येते, बाहुलं, सायकल, पिझ्झा, काहीही, आणि शॉन, बिट्झर कुत्रा आणि ती तीन डुकरं तिच्याभोवती एक आख्खा गोंधळ रचून पुन्हा सगळं जागच्या जागी ठेवतात. मालकाला पत्ता लागत नाही. मालकाला पत्ता न लागणं हाच त्या मालिकेचा कणा आहे. सिनेमात तोच कणा काढून घेतला. मालक हरवला, मेंढ्या शहरात आल्या, आणि मग ८५ मिनिटं भरायला भटकी जनावरं पकडणारा तो ट्रम्पर नावाचा खलनायक आणावा लागला. शेवटचा पाठलाग तर कुठल्याही सिनेमात चालला असता. मालिकेत वाईट माणूस लागत नव्हता.

मधला हॉटेलचा प्रसंग मात्र मालिकेच्या तोडीचा आहे. माणसांचे कपडे घालून बसलेल्या मेंढ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस जे करेल तेच हुबेहूब करत राहतात. तो प्रसंग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

रावपुरेकरीण

@पंगत, खलनायकाबद्दल पटलं. लेकीलाही तो भाग आवडला नाही, ती जनावरांच्या कोंडवाड्याच्या वेळी माझ्या पदरात तोंड लपवून बसली होती. पण मालकाच्या विसरण्याबद्दल मला उलट वाटतं. मालिकेत मालकाला काही कळत नाही ही गंमत असते. सिनेमाने तीच गंमत घेऊन विचारलं, की याला खरंच काही कळेनासं झालं तर? त्याला काही कळत नाही म्हणून रोज हसणारी मेंढरं त्याच्यासाठी बसमध्ये बसून निघतात. मी मालिका फारशी पाहिलेली नव्हती, आता लेकीबरोबर पाहतेय, तेव्हा हे जाणवलं. सुरुवातीलाच ती जुनी चित्रफीत आहे ना, तरुण मालक, पिल्लू असलेला बिट्झर, एवढासा शॉन, सगळे मिळून फोटो काढतात. पुढे काय जाणार आहे ते आधी दाखवून ठेवलंय.

पंगत

हे मान्य. ती चित्रफीत नसती तर दुकानातला प्रसंग उभाच राहिला नसता. पुन्हा पाहतो.

हरणी_रोड

मला एक वेगळीच काळजी वाटते, ती बोलू का? माझा मुलगा सहा वर्षांचा. दिवसभर गुजराती आणि हिंदी. मराठी कानावर पडायची वेळ म्हणजे घरी संध्याकाळचे दोन तास. त्यातही मी बिनशब्दांचे सिनेमे दाखवायला लागले, तर मराठी येणार कुठून? आपल्या घरांतून भाषा अशीच एकेक पिढी पातळ होत चाललीय. माझ्या आजेसासूबाई सयाजीराव महाराजांच्या काळातल्या बडोद्याच्या गोष्टी अस्खलित मराठीत सांगायच्या, माझ्या नवऱ्याला मराठी वाचता येतं पण लिहिता येत नाही, आणि मुलाला अजून वाचताही येत नाही. मला वाटतं मुलांना मराठीत बोलणारं काहीतरी दाखवायला हवं.

सूरसागर

हरणी रोड ताई, काळजी रास्त आहे. पण एक करून पाहा. सिनेमा बोलत नाही, तर तुम्ही बोला. शॉन काय म्हणत असेल ते मुलाला विचारा. आमच्या घरी नातू शिर्लीच्या तोंडी अस्सल बडोदेकरी मराठी घालतो. शिर्ली म्हणजे ती लठ्ठ मेंढी, सारखी खात असते. आणि टिमी या कोकराची आई, केसांत कर्लर लावलेली, ती आमच्या घरात त्याच्या आत्यासारखी बोलते. बोलणारा सिनेमा लावला की मूल गप्प बसतं. हा लावला की आमच्याकडे सगळे बोलत असतात.

हरणी_रोड

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री करून बघते.

मातीकाम

धागा उशिरा पाहिला. मी फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकलो, आता मुलांचे मातीचे वर्ग घेतो, त्यामुळे हा सिनेमा माझ्या अगदी जवळचा आहे. सिनेमा कसा केला ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

शॉन हा संगणकावर काढलेला नाही. हातात मावणारा खरा बाहुला आहे. आत धातूच्या सांध्यांचा सांगाडा, वरून लोकरीसारखं कापड. त्याला किंचित हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायचं, पुन्हा फोटो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं लागतात. ८५ मिनिटं म्हणजे ५,१०० सेकंद, म्हणजे १,२२,४०० चित्रं. दर चित्राला नवी हालचाल नसते, बरेचदा एक स्थिती दोन चित्रांपुरती धरतात, तरीही एका अ‍ॅनिमेटरच्या हातून दिवसाअखेर साधारण दोन सेकंदांचं काम होतं. आपण एकदा पापणी लववतो तेवढ्यात त्याचा सकाळचा वेळ गेलेला असतो.

आणि शब्द का नाहीत, त्याचंही उत्तर यातच आहे. बोलणारं पात्र केलं की दर अक्षराला ओठांचा आकार बदलावा लागतो. टीव्हीच्या वेळापत्रकात ते परवडत नाही. न बोलणारा शॉन केला, वेळ वाचला, आणि तोच वेळ त्यांनी डोळ्यांवर आणि पापण्यांवर घालवला. पुढे त्याच कारणाने मालिका शंभराहून अधिक देशांत गेली, कारण भाषांतर करायलाच काही नव्हतं. आधी अडचण होती, मग तीच शैली झाली. मार्क बर्टन आणि रिचर्ड स्टारझॅक यांनी सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला. स्टारझॅक मालिकेपासूनचे. लांबीचा सिनेमा आहे, आता पात्रं बोलूद्या, असा मोह होणं साहजिक होतं. त्यांनी तो टाळला, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

रावपुरेकरीण, तुमच्या बाबांच्या हातांबद्दल वाचलं आणि मला आपल्याच गावातला एक माणूस आठवला. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकले. पुढे सिनेमा करायचं ठरवल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. जोडून दाखवल्यावर लोकांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटून वेल वर चढला. नंतर आगकाड्या एकेक करून हलवून त्यांनी एक छोटा चित्रपटही केला. ब्रिस्टलचे लोक मेंढी हलवतात, फाळक्यांनी काडी हलवली. खिळे जुळवणाराही हेच करतो की. एक उचल, एक ठेव, आणि शेवटी लांबून पाहणाऱ्याला वाक्य दिसतं.

पांढरा_चाफा

मी डॉक्टर आहे, वृद्धांच्या आजारांवर काम करते. मूळ लेख वाचून राहवलं नाही. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक आनंदाची आणि एक जराशी कठीण.

बाबांचे हात चालले यात चमत्कार नाही, आणि मला तेच सुंदर वाटतं. नावं, माणसं, काल काय झालं, या आठवणी मेंदूच्या ज्या भागाच्या आधाराने साठतात तो हिप्पोकॅम्पस अल्झायमरमध्ये फार लवकर बाधित होतो. हाताला बसलेलं काम, सायकल, पोळी लाटणं, पेटी वाजवणं, खिळे जुळवणं, हे मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतं आणि बहुतेकदा खूप उशिरापर्यंत टिकतं. पाठ असलेल्या गाण्यांचंही तसंच. सिनेमातल्या मालकाचे हात मशीन धरतात ते खोटं नाही.

कठीण गोष्ट ही की सिनेमातल्या मालकाला मार लागलेला आहे. त्याची आठवण शेवटी परत येते. स्मृतिभ्रंशात तसं होत नाही. मुलीने "आजोबांनाही असंच सगळं आठवेल ना?" असं विचारलं, तर कृपा करून हो म्हणू नका. आठ वर्षांच्या मुलीला खरं सांगता येतं. आजोबांच्या मेंदूला आजार आहे, नावं जाणार, पण तू शेजारी बसलीस की त्यांना बरं वाटतं हे राहणार. एवढं तिला पुरतं.

आणि घरात कुणीही त्यांना "ओळखा पाहू मी कोण?" असं विचारत असेल तर थांबवा. पाहुणे हटकून विचारतात. माणूस परीक्षेला बसवल्यासारखा घाबरतो. त्यापेक्षा खोलीत शिरतानाच आपलं नाव आणि नातं सांगून टाकायचं. कानांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. ऐकू न आल्यामुळे जो गोंधळ होतो तो विसरण्याच्या खात्यात जमा होत राहतो.

रावपुरेकरीण

डॉक्टरताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसती बसले. लेकीने तो प्रश्न दुसऱ्याच दिवशी विचारला होता, आणि मी हो म्हणाले होते. काल रात्री तिला जवळ घेऊन खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग मी त्यांना रोज माझं नाव सांगू?" म्हटलं, सांग. आज सकाळी चहाच्या वेळी ती बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "आजोबा, मी तुमची नात." बाबा म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, बस."

पाहुण्यांचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. गणपतीत येणारा प्रत्येक जण तेच विचारतो आणि बाबा घाम पुसत बसतात. यंदा दारातच सगळ्यांना सांगणार आहे. कानांसाठी बुधवारची वेळ घेतली.

मातीकाम दादा, फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट मी लेकीला सांगितली. आता तिला शॉन करायचाय. गणपतीसाठी आणलेली शाडू घरात आहे. चालेल का?

मातीकाम

शाडू नको. वाळत जाते, दहाव्या फोटोला पाय तुटतो आणि पोर रडतं. दुकानात तेलाची माती मिळते, प्लॅस्टिसिन, ती घ्या. ती वाळत नाही. आत अ‍ॅल्युमिनियमची तार दोन पदरी पिळून घाला. मोबाइल पुस्तकांच्या चवडीत घट्ट अडकवा, तो हलता कामा नये. खिडकीचा उजेड टाळा, ढग आला की चित्र लुकलुकतं, दिवा लावून करा. सेकंदाला १२ फोटोंचा हिशेब धरा. पहिल्यांदा पाच-सहा सेकंदांच्या पुढे जाऊ नका.

आणि एक विचारू? तुमच्याकडे बाबांचे खिळे आहेत का एखादे?

रावपुरेकरीण

आहेत. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी डब्यात मूठभर आणले होते. का?

मातीकाम

मेंढी नंतर करा. आधी खिळे हलवा. बाबांना काम द्या. शिसं आहे, त्यामुळे हाताळून झाल्यावर दोघांनीही हात साबणाने धुवा, एवढं मात्र पाळा.

रावपुरेकरीण

मंडळी, रविवारी केलं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी मदत केलीत.

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, दिवा लावला, मोबाइल अडकवला. डबा उघडून खिळे ओतले. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. मी काही सांगितलं नाही. त्यांनी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला, बोटाने त्याची खाच चाचपली आणि ठेवला. मग दुसरा. लेक प्रत्येक वेळी "थांबा हां आजोबा" म्हणायची, फोटो काढायची, "हां, आता" म्हणायची. आणि ते थांबत होते. एरवी जेवतानाही धड एका जागी न बसणारे बाबा तासभर तिच्या 'थांबा'वर थांबत होते आणि 'आता'वर हलत होते.

त्यांनी जुळवलेलं लेकीला वाचता येईना. म्हणाली, "आजोबा, हे ऊंधं आहे." खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं हे तिला माहीत नव्हतं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं नव्या उमेदवाराकडे पाहत असतील. "छापल्यावर कळेल," म्हणाले. शाई घरात कुठली. निरांजनाची काजळी खोबरेल तेलात कालवली, बोटाने खिळ्यांना लावली, वर कागद ठेवून बाबांनी तळहाताने दाबला. कसं दाबायचं ते मला जमलं नाही, त्यांनी माझा हात बाजूला केला.

कागदावर आलं: दोन उभ्या रेघा, श्री, दोन उभ्या रेघा. ॥ श्री ॥. लग्नपत्रिकेची पहिली ओळ. किती हजार वेळा जुळवली असेल त्यांनी.

एकूण ९६ फोटो झाले, म्हणजे आठ सेकंद. त्यातल्या ३१ फोटोंत बाबांचा हात मधे आला आहे. मी म्हटलं, ते काढून टाकू, मग खिळे आपोआप चालल्यासारखे दिसतील. लेक म्हणाली, नको, हात राहूदे.

पंगत

राहूदे. नक्की राहूदे.

सूरसागर

रावपुरेकरीण ताई, कपाटातून मुंजीची पत्रिका शोधून काढली. खाली छापखान्याचं नाव आहे, दांडिया बाजारचाच. वरची ओळ तीच आहे. फोटो पाठवतो, पण मूळ पत्रिका घेऊन मी स्वतः येऊ का? शनिवारी संध्याकाळी चालेल? दारातच नाव सांगेन.

रावपुरेकरीण

काका, जरूर या. सेव-उसळ करते. लेकीला दुसरा सिनेमाही पाहायचाय, २०१९ चा, परग्रहावरचं पिल्लू शेतावर येतं तो. तुम्ही आलात की लावू. बाबांच्या शेजारची खुर्ची तुमची.

हरणी_रोड

रावपुरेकरीण, मुलाने काल शॉनच्या तोंडी पहिलं आख्खं मराठी वाक्य घातलं. "मालक, घरी चला, उशीर झालाय." तुमच्या शनिवारी आम्हीही आलो तर चालेल का?

रावपुरेकरीण

चालेल काय, याच. सहा वाजता.